ला ब्यूझचें बीजक : एका शापित धनाच्या कथेचें परीक्षण

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्या प्रत्येकाच्या दारीं केव्हां ना केव्हां तरी बीजक येतें. एखादा गृहस्थ तिन्हीसांजेस, शेजाऱ्यांची दृष्टि चुकवून, घडी घातलेला एक कागद घेऊन येतो. बोलण्यापूर्वीं दार लोटून घेण्याची विनंति करितो. आणि आमच्या पूर्वजांनीं पुरून ठेवलेल्या द्रव्याचा ठाव यांत लिहिला आहे, तेवढा वाचून द्यावा, असें म्हणतो. सोबत एक ताकीदहि असते. धनावर नाग आहे, किंवा कोणाचा तरी शाप आहे, किंवा यापूर्वीं ज्यानें हात घातला त्याचा वंश बुडाला. प्रस्तुत लेखकाकडे असे पांच-सात कागद आजवर आले. त्यांपैकीं एकाची हकीकत या लेखाच्या शेवटीं सांगावयाची आहे.

परंतु घरच्या बीजकाचा विचार शांत चित्तानें होत नाहीं. तेथें कुळाचा अभिमान आडवा येतो, गरज आडवी येते, आणि आशा तर दोहोंपेक्षां बलवान असते. म्हणून परीक्षणासाठीं दूरचें एक बीजक घेतलें आहे. हिंदी महासागरांतील ला ब्यूझ नांवाच्या फ्रेंच चांच्याचें हें बीजक जगप्रसिद्ध आहे. त्याच्या पायीं माणसांनीं आयुष्यें वेंचलीं आहेत. आणि ज्या द्रव्याची ही कथा, तें गोव्याहून निघालेलें होतें, म्हणून आमच्या वाचकांस त्याचें अगत्य असावयास हरकत नाहीं.

१. घडलेली गोष्ट

अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेकडील समुद्रांतून हुसकले गेलेले अनेक युरोपीय चांचे आफ्रिकेस वळसा घालून पूर्वेकडे आले व मादागास्कर बेटाच्या आश्रयानें राहूं लागले. इ. स. १७२० च्या ऑगस्टांत त्यांच्यांतील एडवर्ड इंग्लंड व जॉन टेलर यांच्या टोळीनें कोमोरो बेटांपैकीं जोहाना येथें ईस्ट इंडिया कंपनीचें ‘कॅसँड्रा’ नांवाचें जहाज मोठ्या लढाईनंतर घेतलें. त्याचा कप्तान जेम्स मॅक्रे यास इंग्लंडनें जीवदान दिलें. हाच मॅक्रे पुढें मद्रासचा गव्हर्नर झाला. परंतु या दयेबद्दल टोळीनें आपल्या नायकासच पदच्युत केलें आणि पुढें त्यास मॉरिशसच्या किनाऱ्यावर सोडून दिलें. चांच्यांच्या राज्यांत दया हा अपराध ठरे, हें येथें ध्यानांत ठेवावें.

मध्यंतरीं ही टोळी आमच्या पश्चिम किनाऱ्यावरहि येऊन गेली. विजयदुर्गावरील स्वारींत अपयश पदरीं घेऊन परतणाऱ्या मुंबईकर इंग्रजांच्या आरमाराशीं तिची गांठ पडली, पण त्या आरमाराच्या हातून तिचें पारिपत्य झालें नाहीं. मलबारकडे फिरून ती पुन्हां दक्षिणेस वळली. कॅले गांवचा ओलिव्हिए लव्हासर हा या वेळीं टेलरचा जोडीदार होता. त्याचें टोपणनांव ‘ला ब्यूझ’. फ्रेंच भाषेंत हें ससाण्याच्या जातीच्या एका शिकारी पक्ष्याचें नांव आहे.

याच सुमारास गोव्याचा विजरई, एरिसेइराचा पांचवा काउंट लुईश द मेनेझेश, आपली १७१७ पासूनची कारकीर्द संपवून स्वदेशीं निघाला होता. त्याचें जहाज ‘नोसा सेन्योरा दु काबू’ हें सत्तरांवर तोफांचें होतें. परंतु वाटेंत वादळानें त्याच्या डोलकाठ्या मोडल्या, आणि बुडूं नये म्हणून बहुतेक तोफा समुद्रांत टाकाव्या लागल्या. अशा विकल स्थितींत तें बूर्बों, म्हणजे आजचें रेयुनिओं, या फ्रेंच बेटाच्या सँ-दनी बंदरांत दुरुस्तीसाठीं नांगरून पडलें असतां १७२१ च्या एप्रिलांत टेलर व ला ब्यूझ यांनीं त्यास गांठलें. विजरई स्वतः तलवार घेऊन लढला, पण शेवटीं कैद झाला आणि खंडणी भरल्यावर सुटला. जहाजावर हिरे होते, रेशमी व सुती कापड होतें, चिनी मातीचीं भांडीं होतीं. चांच्यांच्या हातीं एका दिवशीं लागलेल्या लुटींत ही फार मोठी गणली जाते, आणि एवढ्यापुरती कथा अक्षरशः खरी आहे.

या प्रकरणाचा आमच्या इतिहासाशीं आणखी एक धागा जुळतो. मादागास्करच्या चांच्यांचा बंदोबस्त करण्यासाठीं इंग्लंडच्या राजानें कमोडोर टॉमस मॅथ्यूज याच्या हाताखालीं लढाऊ जहाजें पूर्वेस पाठविलीं. परंतु १७२१ च्या डिसेंबरांत इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून कान्होजी आंगऱ्यांच्या कुलाब्यावर जी स्वारी केली, तींत हीं जहाजें गुंतलीं. बाजीराव पेशवे मदतीस आले, स्वारी फसली, आणि पुढील जानेवारींत मराठे व पोर्तुगीज यांचा तह झाला. इंग्रजांचे कागद कान्होजींसहि चांचाच म्हणतात. वास्तविक कान्होजी हे छत्रपतींचे सरखेल; त्यांचे किल्ले होते, दस्तकें होतीं, आणि आपल्या समुद्रांत फिरणाऱ्या जहाजांकडून तें दस्तक मागण्याचा हक्क ते उघडपणें सांगत. ज्यांस राज्य नाहीं, दस्तक नाहीं व धनी नाहीं, असे खरे चांचे त्याच वर्षीं मादागास्करला निर्वेधपणें हिरे वांटून घेत होते.

२. वांटणी आणि वधस्तंभ

‘वांटून घेत होते’ हे शब्द मीं सहज लिहिलेले नाहींत. साऱ्या कथेचें मर्म तेथें आहे. चांच्यांच्या टोळींत लूट नायकाची नसे. प्रत्येकाचा वांटा आधींच ठरलेला असे. नायकाचा थोडा अधिक, इतकाच भेद. इ. स. १७२४ मध्यें लंडन येथें प्रथम प्रसिद्ध झालेल्या, कॅप्टन चार्ल्स जॉन्सन या नांवानें लिहिलेल्या चांच्यांच्या चरित्रग्रंथांत या वांटणीची एक गंमत दिली आहे. दर माणसीं बेचाळीस लहान हिरे आले. एकास मात्र त्यांऐवजीं एकच मोठा हिरा मिळाला. त्या गृहस्थास आपण फसलों असें वाटलें, म्हणून त्यानें तो खलबत्त्यांत कुटला, आणि मग तुकडे मोजून आपणांस इतरांहून एक अधिकच मिळाला, असें तो म्हणूं लागला. गोष्टींत थोडी अतिशयोक्ति असेल. परंतु लूट माणसागणिक फुटली, एवढें त्यावरून स्पष्ट होतें.

पुढें टेलर ‘कॅसँड्रा’ घेऊन अमेरिकेकडे गेला व १७२३ मध्यें पोर्तोबेलो येथें स्पॅनिश अधिकाऱ्यांच्या आश्रयास जाऊन त्यानें माफी मिळविली. कित्येकांनीं फ्रेंचांचें अभयपत्र घेऊन बूर्बों बेटावरच घरें केलीं. ला ब्यूझ मादागास्करच्या बाजूसच राहिला. सरतेशेवटीं एका फ्रेंच कप्तानानें त्यास पकडून बूर्बोंला आणलें आणि ७ जुलै १७३० रोजीं त्यास फांशी देण्यांत आलें. त्याच्या शिक्षेचा ठराव उपलब्ध आहे. अंगांत केवळ सदरा, गळ्यांत दोर व हातांत जळती मशाल अशा स्थितींत त्यानें चर्चच्या दारासमोर क्षमा मागावी, नंतर त्यास फांशी द्यावें, आणि प्रेत चोवीस तास तसेंच ठेवावें, असा त्याचा आशय आहे.

ज्याच्यापाशीं राजाचें धन पुरलेलें आहे असा पुरुष नऊ वर्षें मादागास्करच्या खाड्यांतून येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांस वाट दाखवून पोट भरीत राहतो काय, हा प्रश्न वाचकांनीं स्वतःशींच विचारावा.

३. कथा

आतां कथा ऐकूं. ती अशी कीं, फांशीच्या चौथऱ्यावर चढल्यावर ला ब्यूझनें गळ्यांतील माळ, किंवा दुसऱ्या पाठाप्रमाणें एक कागद, जमलेल्या गर्दींत भिरकावला आणि ज्यास याचा अर्थ लागेल त्यानें माझें धन घ्यावें, असें आव्हान दिलें. त्यावर सतरा ओळींचा सांकेतिक लेख होता. धन कोठें आहे? कोणी म्हणतो बूर्बों, कोणी मॉरिशस, कोणी मादागास्करजवळचें सँत-मारी बेट. परंतु सर्वांत अधिक बोलबाला सेशेल्समधील माहे या बेटाचा आहे. धनांत गोव्याचा एक सुवर्णक्रूस सांगतात आणि तो उचलण्यास तीन माणसें लागत, असें म्हणतात. पुरणाऱ्यांस तेथेंच ठार करून राखणीस बसविलें, ही पुस्तीहि त्यास जोडलेली आढळते.

हा सांकेतिक लेख जगापुढें आला तो १९३४ मध्यें. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे अधिकारी व फ्रेंच आरमाराच्या इतिहासाचे विद्वान लेखक शार्ल द ला रोन्सिएर यांनीं त्या वर्षीं या गूढ चांच्यावर एक पुस्तक लिहून त्यांत तो छापला. त्याच्या आधीं, १९२३ मध्यें, माहे बेटावरील बेल ओंब्र येथें एका जमीनमालकिणीस समुद्राकांठच्या खडकांवर कोरलेलीं चित्रें दिसलीं होतीं. कुत्रा, साप, कासव, घोडा, अशा त्या आकृति. आकृति आणि लेख यांची सांगड घातली गेली आणि खोदकाम सुरू झालें. १९४९ मध्यें क्रूझ-विल्किन्स नांवाचे एक इंग्रज गृहस्थ केनियाहून तेथें आले. ग्रीक पुराणांतील हर्क्युलीसचीं बारा कृत्यें हीच या कोड्याची किल्ली आहे, अशी त्यांची खात्री पटली. समुद्राचें पाणी अडविण्यास बांध घालीत, खडक फोडीत, उसनें द्रव्य ओतीत ते १९७७ मध्यें मरेपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षें, तेथेंच खणीत राहिले. पुढें तें काम त्यांच्या मुलानें चालविलें. आणि तो व्यवसायानें इतिहासाचा शिक्षक, हें वाचून माझ्यासारख्या मास्तराचें मन अधिकच विषण्ण झालें. क्रूस कोणासहि सांपडला नाहीं.

४. लेख्याची परीक्षा

संशयित लेखाची शुद्धि कशी करावी, याविषयीं याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत फार मार्मिक विचार आहे. लिहिणाऱ्याच्या निर्विवाद हस्ताक्षराशीं तो ताडून पाहावा. त्यांतील गोष्ट युक्तीस धरून आहे काय हें पाहावें. खुणा जुळतात काय, संबंधितांचा खरोखर परस्परसंबंध होता काय, आणि हा लेख आज ज्याच्या हातीं आहे त्याच्याकडे तो कसा आला, याचा शोध घ्यावा. आमच्या संशोधकांनीं युरोपीयांकडून शिकलेली कागदाची चिकित्सा यापेक्षां तत्त्वतः निराळी नाहीं. त्याच कसोट्या येथें लावूं.

पहिली कसोटी लिपीची. या लेखांतील चिन्हें चौकटी, कोन व टिंबें यांचीं आहेत. वर्णमाला उभ्या-आडव्या रेघांच्या घरांत मांडावयाची, आणि अक्षराऐवजीं त्याच्या घराचा कोपरा काढावयाचा, अशी ही रीति आहे. अठराव्या शतकांत फ्रीमेसन मंडळ्यांत ती प्रचलित होती, आणि शाळेंतील हुशार मुलासहि एका संध्याकाळीं ती उलगडतां येते. एवढ्या मोठ्या धनाचें कुलूप इतकें हलकें असावें, हें प्रथमदर्शनींच चमत्कारिक आहे.

दुसरी कसोटी अर्थाची. लेख उलगडला तेव्हां अशुद्ध व तुटक फ्रेंच भाषा निघाली. कबुतरांची एक जोडी घ्यावी, घोड्याचें डोकें, चमचाभर मध, कोणा स्त्रीस कसल्या तरी गोष्टीपासून अडविण्याचा उपाय, अशा तऱ्हेचा तो मजकूर आहे. द्रव्य, बेट, दिशा, अंतर, यांपैकीं उघड असें कांहींच त्यांत नाहीं. आमच्याकडील जुन्या वैद्यकाच्या बाडांतून किंवा मंत्रतंत्राच्या चिटोऱ्यांतून असा मजकूर ज्यानें वाचला असेल, त्यास हा गृहस्थ कोणत्या जातीचा आहे तें सांगावयास नको. परंतु धनार्थी वाचक येथें थांबत नाहीं. सरळ अर्थ निरुपयोगी निघाला, म्हणून याच्या पोटांत दुसरा गूढार्थ असलाच पाहिजे, असें तो धरून चालतो; आणि एकदां हें धरलें कीं कबुतर म्हणजे खडक, मध म्हणजे झरा, अशा कोणत्याहि लक्षणेस मज्जाव उरत नाहीं. मुख्यार्थाचा बाध झाल्यावांचून लक्षणा करूं नये, हा आमच्या शास्त्राचा नियम आहे. येथें मुख्यार्थाचा बाध झालेला नाहीं. वाचणाऱ्याच्या इच्छेचा तेवढा झाला आहे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची कसोटी आगमाची. फांशी १७३० मध्यें झाली. लेख प्रसिद्ध झाला १९३४ मध्यें, आणि तोहि खासगी मालकीचे कागद म्हणून. मधल्या दोनशें चार वर्षांत तो कोणाच्या घरीं होता, कोणीं कोणास दिला, नक्कल कोणीं केली, याची सलग सांखळी कोणीं दाखविलेली नाहीं. गर्दींत माळ भिरकावल्याचा प्रसंग समकालीन कागदांत नाहीं. ज्या सेशेल्समध्यें तो ठेवा असल्याचें सांगतात, तेथें फ्रेंचांची पहिली वसाहतच १७७० मध्यें झाली, म्हणजे फांशीनंतर चाळीस वर्षांनीं.

याचा अर्थ तो लेख बनावटच आहे, असें मीं म्हणत नाहीं. संशोधकानें नाहीं म्हणण्याची घाई करूं नये आणि होय म्हणण्याचीहि करूं नये. माझें म्हणणें एवढेंच कीं, येथें तीन प्रश्न निरनिराळे आहेत. कागद जुना आहे काय? जुना असेल तर तो ला ब्यूझचा आहे काय? ला ब्यूझचा असेल तर तो द्रव्याचा आहे काय? पहिल्याचें उत्तर होय आलें म्हणजे पुढील दोहोंचें आपोआप होय येत नाहीं. तीनहि प्रश्नांची एकच मोट बांधणें, हेंच बीजकाचें खरें मायाजाल.

अशीच गोष्ट त्याच्या थडग्याची. रेयुनिओंवरील सँ-पोल येथें समुद्राकांठच्या स्मशानभूमींत कवटी व दोन हाडें कोरलेला एक दगड ला ब्यूझचें थडगें म्हणून दाखवितात. प्रवासी त्याचें दर्शन घेतात, कोणी त्यावर मद्य व तंबाखू ठेवतात. परंतु ती स्मशानभूमि १७८८ मध्यें सुरू झाली. फांशी गेलेला मनुष्य अठ्ठावन्न वर्षें पुरण्यावांचून राहिला नसेल, एवढें तर सर्वांस मान्य व्हावें.

५. शाप कशाचें रक्षण करितो?

शापाचा विषय आम्हांस परका नाहीं. आमच्या ताम्रपटांच्या अखेरीस दान हरण करणाऱ्यास नरकाची भीति घालणारे श्लोक असतात. कोंकणांत शिलाहारकाळचे गद्धेगाळ आढळतात. वर सूर्यचंद्र, मध्यें लेख, आणि खालीं दान मोडणाऱ्यास दिलेली ती अश्लील शिवी चित्ररूपानें कोरलेली. ज्या अलिबागेपाशीं कुलाब्याचा किल्ला आहे, तिच्या नजीक आक्षी येथें शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा काल वाचला गेलेला असाच एक शिलालेख आहे, आणि मराठीच्या आद्य लेखांत त्याची गणना होते.

या शापाचा व चांच्याच्या शापाचा भेद पाहण्यासारखा आहे. दानपत्रावरील शाप उघड असतो. कोणीं दिलें, कोणास दिलें, केव्हां दिलें, जमिनीच्या चतुःसीमा कोणत्या, हें सर्व आधीं सांगून मग तो शाप उच्चारतो. तो लेखाचें रक्षण करितो, आणि लेख वस्तूचें. पुरलेल्या धनावरील शाप याच्या नेमका उलट. त्यास देणारा नाहीं, तिथि नाहीं, साक्षी नाहीं. त्याचें काम एकच: धन कां सांपडत नाहीं याचें उत्तर देत राहणें. खणून कांहीं निघालें नाहीं, तर धन खालीं सरकलें. खणणारा मेला, तर राखणदारानें नेला. खणणारा जगला, तर तो पायाळू नव्हता म्हणून त्यास दिसलें नाहीं. कोणत्याहि फलानें जें खोटें ठरत नाहीं, तें खरेंहि ठरत नसतें. म्हणून शाप धनाचें रक्षण करितो, ही समजूत सोडून द्यावी. धन असो वा नसो, तो कथेचें रक्षण करितो.

आणि तरीहि ला ब्यूझच्या द्रव्यास खरोखर शाप लागला नाहीं काय? मला वाटतें, लागला. पण तो कोणा चांच्यानें उच्चारलेला नव्हे. तो त्या बीजकावर विश्वासलेल्या माणसांच्या वर्षांत मोजावा लागतो. अठ्ठावीस वर्षांचें एक आयुष्य आणि त्यामागून दुसरें, हा हिशेब बेचाळीस हिऱ्यांपेक्षां मोठा आहे.

६. घरचें उदाहरण

आतां आरंभीं सांगितलेली हकीकत. अनेक वर्षांपूर्वीं रत्नागिरीकडील एका जुन्या घराण्यांतील गृहस्थ मजकडे मोडी लिपींतील अर्धा बंद घेऊन आले. घराण्यांत तो ‘आंगऱ्यांच्या वेळचें बीजक’ म्हणून तीन पिढ्या देवघरांत पुजला जात होता. कोणा मोडीवाचकानें त्यांस पूर्वीं वाचून दिलें होतें, आणि तें त्यांस पाठ होतें: विहिरीच्या पूर्वेस पांच, मोहोर फार, बांधावर तीन, मोहोर बेताचा, देवळामागें दोन, मोहोर नाहीं. या आधारावर त्यांच्या आजोबांनीं विहिरीची पूर्व बाजू पुरुषभर खणली होती आणि वडिलांनीं बांध फोडला होता. देवळामागें कोणीं खणलें नाहीं, कारण तेथील द्रव्य पूर्वींच कोणी काढून नेलें, असा त्या ‘नाहीं’चा अर्थ घरांत ठरला होता. आजोबा खणल्यावर वर्षाच्या आंत वारले, म्हणून शापहि सिद्ध झाला होता.

वाचन बरोबर होतें. समज मात्र चुकली होती. सोन्याची मोहोर स्त्रीलिंगी, आणि आंब्याचा मोहोर पुल्लिंगी. कागदांत ‘बेताचा’ असें स्पष्ट होतें. कोपऱ्यांत तिथि होती, ती माघ वद्यांतली. आणि माघांत कोंकणांत आंबे मोहोरतात, हें सांगण्यास संशोधक लागत नाहीं. कोणा दक्ष पूर्वजानें आपल्या बागेची पाहणी करून, कोणत्या झाडांस किती मोहोर आला याची ती यादी केली होती. विहिरीच्या पूर्वेस चांगलीं फळणारीं पांच झाडें होतीं. आजोबांनीं खणतांना त्यांचीं मुळें तोडलीं, आणि झाडें वाळलीं. कागदानें दाखविलेलें धन तेथेंच होतें. त्यांनीं तेंच खणून टाकलें.

ते गृहस्थ बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मीं विचारलें, हा बंद कोणत्या रुमालांतला? त्यावर ते म्हणाले, ‘गुरुजी, रुमाल होता, पण बीजक सांपडल्यावर बाकीचे कागद कोण पाहतो? ते माळ्यावर टाकले होते.’ दुसऱ्या सुटींत मी त्यांच्या घरीं गेलों. माळ्यावर वाळवीच्या मातीचा एक ढीग होता. त्यांतून निवडतां आलेल्या तुकड्यांवर गलबतांचीं नांवें, जकातीच्या रकमा आणि दोन ठिकाणीं ‘कौल’ हा शब्द लागला. बंदरावरील जमाखर्चाचे ते कागद होते. आमच्या समुद्रावर कोणतीं गलबतें फिरत, काय नेत, कोणास किती देत, हें सांगणारा एक सबंध रुमाल एका कागदाच्या मोहापायीं माती झाला होता. मी त्या माळ्यावर तो ढीग चाळीत बसलों होतों, तो दिवस मी विसरलों नाहीं.

म्हणून संग्राहक बंधूंस तीन गोष्टी सुचवितों. बीजक म्हणून आलेला कागद एकटा कधीं घेऊं नये. त्याचा रुमाल मागावा, आणि रुमाल मिळाला तर त्यांतील कागदांचा क्रम मोडूं नये. कागद कोणाकडून, केव्हां, कोणत्या घरांतून आला, हें त्याच दिवशीं वेगळ्या पत्रावर लिहून त्यास जोडावें; मागाहून स्मरणानें लिहिलेला आगम हा आगम नव्हे. आणि आणणाऱ्यास हिडिसफिडिस न करितां, पण आशाहि न लावतां, जें लिहिलें आहे तेवढेंच वाचून दाखवावें. जमिनींत खरोखर कांहीं निघाल्यास काय करावयाचें, याची तरतूद १८७८ च्या कायद्यानें केलेली आहे. दहा रुपयांहून अधिक किंमतीचा पुरलेला ठेवा सांपडल्यास त्याची वर्दी कलेक्टरास द्यावी लागते. कागदांत काय निघालें, याची वर्दी घेणारा मात्र संशोधकावांचून दुसरा कोणी नाहीं.

एरिसेइराचा काउंट १७४१ मध्यें पुन्हां विजरई होऊन गोव्यास आला व पुढल्या वर्षीं तेथेंच मरण पावला. त्याच्या घराण्याचें लिस्बन येथील ग्रंथालय विद्वानांत नांवाजलेलें होतें. १७५५ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगींत तें भस्मसात् झालें. चांच्यानें नेलेल्या हिऱ्यांसाठीं लोक आजहि खडक फोडतात. त्या ग्रंथांसाठीं हळहळणारे थोडे. त्यांत आपली गणना व्हावी, एवढीच या लेखामागील इच्छा.